पाड लागण्याआधी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्या वर्षी आमच्या बांधावरच्या आंब्याला पाड लागला नव्हता, आणि मी पाच जणांसमोर लागला म्हणून सांगितलं.

पाडाचा आंबा म्हणजे झाडावरच पिकून आपसूक गळलेलं फळ. पहिला पाड पडल्याशिवाय आमच्याकडे आंबे उतरवत नाहीत. फळाच्या पोटातली आंबटाई ओसरू लागली, ही झाडानं दिलेली वर्दीच असते.

ती वर्षंच अंगात वारं शिरल्यासारखी होती. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग तुटत नव्हती. एकानं म्हणे गाडीच्या चाकांना चांदीची पट्टी मारली. मी ती पाहिली नाही, पण दहा जणांना सांगितली. काळी माती दिसेल तिथं सरकी टोचायची. गुरांच्या वाटासुद्धा नांगरल्या आम्ही.

माझ्या आणि थोरल्या भावाच्या शेतामधल्या बांधावर तो आंबा होता. भाऊ वारला होता. झाड त्यानंच कोय लावून वाढवलेलं, आणि पहिला बहर त्या उन्हाळ्यातच आलेला; त्याचं फळ अजून कोणी चाखलं नव्हतं. त्याच्या सावलीत माझी कपाशीची सहा तासं, म्हणजे सहा ओळी, खुरटायची. मला झाड नको होतं, वहिनीला हवं होतं. पाटलांनी तोड काढली: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फळ चाखायचं. गोड निघालं तर झाड राहील, आंबट निघालं तर कुऱ्हाड.

आंबे उतरवायचे कोणी? माझी जीभ गावात नावाजलेली. डोळे बांधून फोड दिली तरी कोणत्या झाडाची ते मी सांगायचो. वहिनीच म्हणाली, "भाऊजी, तुमची जीभ खोटं नाई बोलत. तुमीच उतरवा."

त्या जिभेमुळेच मला सगळं ठाऊक होतं. बोराएवढी कैरी तुरट लागते. कोय कडक व्हायला लागली की आंबटपणा शिगेला पोचतो, दात आंबून जातात. मग तो झाडावरच उतरू लागतो; शेंड्याच्या उन्हातल्या फळांचा आधी, खालच्या सावलीतल्यांचा मागून. मध्येच तोडलं तर पेंढ्याच्या अढीत साल पिवळी पडते, पण आतला आंबटपणा राहतो आणि गोडी भरत नाही.

आखाजीच्या आठ-दहा दिवस आधीच मी खालच्या फांदीची फळं उतरवून अढीत घातली. कोय नुकती कडक झालेली.

आखाजीला पितरांना नैवेद्य दाखवून पाच जण पारावर बसले. पाटलांनी विचारलं, "पाड लागला होता ना, बाप्पा?"

"लागला होता," मी म्हणालो.

पहिली फोड तोंडात घालताच एका म्हाताऱ्यानं डोळा गच्च मिटला. "हा आंबा हाय का चिंच?"

"चिंच बरी," दुसरा म्हणाला, "तिची चटणी तरी होते."

सगळे हसले. वहिनीनंही फोड खाल्ली. सावकाश खाल्ली, थुंकली नाही. "आंबट हाय," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, गोड असन. तोडा."

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड लागली. चार-पाच घाव पडले असतील, साल फुटून पातं जेमतेम आत शिरलं होतं. झाड हादरलं आणि शेंड्यावरून एक आंबा माझ्या पायाशी पडला. पिवळाधमक, देठाशी चीक सुकलेला. पाड! मी पाठ फिरवली आणि चोखला. आंबटपणाची नुसती एक रेघ, आणि तिच्यामागून अशी गोडी, की ऊर धडधडायला लागला. तसा आंबा मी त्याआधी खाल्ला नव्हता.

थांबा म्हणायला एक श्वास पुरला असता. तेवढ्या घावांनी झाड मेलं नसतं.

"काय खाऊन राहिले, मालक?" तोडणाऱ्यानं विचारलं.

"कैरी," मी म्हणालो. "आंबट हाय."

कोय धोतराच्या सोग्यात बांधली आणि संध्याकाळी माझ्या विहिरीपाशी पुरली.

ते रोप वाढत होतं तेव्हा अमरावतीत एका मास्तरांची ओळख झाली. त्यांना रसायनाचं वेड. त्यांच्याकडे निळा कागद होता. कैरीचा रस लावला की तांबडा व्हायचा. लिंबाचा लावा, चिंचेचा लावा, तांबडाच. मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या. मास्तर म्हणाले, "हे आम्ल. प्रत्येक फळाचं वेगळं असतं. कच्चेपणी फळ ते साठवतं, आणि पिकताना स्वतःच खाऊन टाकतं." मी म्हटलं, "आणि पुरतं खायच्या आत तोडलं तर?" ते हसले. "मग ते तुम्हाला खावं लागतं."

पुढची कित्येक वर्षं उन्हाळा आला की मी झपाटल्यासारखा असायचो. विहिरीवरच्या झाडाची कैरी दर आठवड्याला चाखायची, शेंड्याची वेगळी, बुडख्याची वेगळी. पण पाडाचा आंबाही आंबटच निघायचा. कोयीचं झाड आईच्या वळणावर जाईलच असं नसतं, हे मला कळत होतं, तरी कोवळ्या झाडाचं फळ पुढं सुधारतं म्हणून मी वाट पाहायचो.

यंदा पाड पडला आणि गोड निघाला. तीच आंबटपणाची रेघ, तीच मागून येणारी गोडी. मी एकटाच विहिरीभोवती फेऱ्या घालत हसत होतो. दुसरा आंबा घेऊन वहिनीच्या दारापर्यंत गेलो. ती ज्वारी पाखडत होती. वर पाहून म्हणाली, "काहून उभे राहिले, भाऊजी? या ना." मी आंबा सोग्यातच ठेवला आणि पावसापाण्याचं बोलून परत आलो.

त्या पाच जणांतले दोघं अजून आहेत. वहिनीला मी एक झाड देणं लागतो, ते विहिरीवर उभं आहे. आणि त्या दोघांसमोर, तिच्या तोंडावर, एक वाक्य देणं लागतो: पाड लागला नव्हता.