पौषातली प्रभातफेरी

"पौषात? पौषात इचारतलंस तू?" मामा ओरडला, आणि लालबागच्या आमच्या चाळीवरची कबुतरं जी उडाली ती थेट भोईवाड्याच्या देवळावर जाऊन बसली.

वास्तविक मी तोंडातून आवाजही काढला नव्हता. फक्त ओठ हलवले होते. मामा आणि मी दोघेही गिरणीच्या साचेखात्यात कापड विणायचो. सगळे साचे एकदम खडखडायला लागले की तिथं ब्रह्मदेवानं कानाशी येऊन सांगितलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून साचेवाले ओठांनी बोलत. शब्द तोंडात पुरता घडवायचा, फक्त त्याला आवाज द्यायचा नाही. समोरचा ओठ बघून समजायचा आणि तसंच उत्तर द्यायचा. आम्ही असे दिवसभर गप्पा मारत असू, भांडत असू, आणि एकमेकांना शिव्यासुद्धा इतक्या शांततेत देत असू की आमच्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरला वाटायचं, पोरं जप करतायत.

पण ओठांनी ऐकलेल्या गोष्टीला ओठांनीच उत्तर द्यायचं, एवढा धीर मामाला त्या दुपारी राहिला नाही. लगेच शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

"काय हो, काय पौषात?"

"चप्पल," मी म्हणालो. "नवी चप्पल घेईन म्हणतो."

"पौषात घेतली तर काय होतं?"

"चावता," मामा म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं. मग माझ्याकडे वळून, "तुझ्या आवशीक मी काय सांगू? पौषात कोण लग्नाचा तोंडातून काढता?"

मामाचं चुकत नव्हतं. पौष महिन्यात आमच्याकडे लग्नाचा विषयसुद्धा कुणी काढत नसे. पण माझी अडचणही तिथंच होती. चौकापलीकडच्या रांगेत एक मुलगी राहायची. तिच्यासाठी गावाकडचा एक मास्तर सांगून आला होता. घरी दोन विहिरी, कलमांची बाग, शिवाय अक्षर सुंदर. माघ लागला की त्याची माणसं बोटीनं येणार होती आणि सुपारी फुटणार होती. म्हणजे माघात विचारावं तर उशीर, आणि पौषात विचारावं तर पाप. माझ्याकडे विहीर एकही नव्हती. मामाच्या खोलीत एक वळकटी आणि भिंतीतला एक खिळा, एवढीच माझी इस्टेट, आणि खिळ्यावरही रातपाळीवाल्या एका भाडेकरूचा सदरा अर्धा दिवस असायचा.

तिचं माझं बोलणं झालेलं होतं का? झालेलं होतं. गणपतीत ती मला म्हणाली होती, "जरा ताट धरा." मी धरलं होतं. पुढे एकदा घोषणा देऊन देऊन माझा घसा बसला, तेव्हा तिनं आईच्या हाती ज्येष्ठमधाची काडी पाठवली. ती काडी मी चघळली नाही. वळकटीत ठेवली आणि घसा आणखी आठवडाभर बसलेलाच ठेवला.

हा घसा म्हणजे माझ्या आयुष्यातली मुख्य भानगड. गिरणीचा भोंगा एकदा बिघडला तेव्हा मला गच्चीवर चढवून ओरडायला लावलं, आणि करी रोडच्या लोकांनी त्यावर घड्याळं लावली. यात थोडं कमीजास्त असेल, पण मी गच्चीवर चढलो होतो एवढं नक्की. कुजबुजणं मला जमतच नसे. मी कानात काही सांगितलं की खालच्या मजल्यावरची माणसं "हो का?" म्हणत. आता अशा माणसानं एका मुलीला लग्नाचं विचारायचं कसं आणि कुठं? चाळीत खोली खोलीला चिकटलेली, जिन्यावर माणसं, गच्चीवर पापड. राणीच्या बागेत न्यावं, तर ती येणार ती आई, मावशी आणि मावशीच्या नणंदेला घेऊन.

शेवटी वाट दाखवली ती माझ्या शेजारच्या साच्यावरच्या दोस्तानं. हा वरळीच्या बीडीडी चाळीतला, डोक्यानं तल्लख आणि दुसऱ्याच्या लग्नाबाबत फार धाडसी.

"रविवारी प्रभातफेरीत घोषणा कोण देतं?" त्यानं ओठांनी विचारलं.

"मी."

"तोंड कुठं असतं तुझं?"

"लोकांकडे. उलटा चालतो मी."

"मग झालं तर. दोन घोषणांच्या मध्ये विचार. आत्ता बोलतोयस तसं. आवाज नको."

"तिला कळेल?"

"तिचा बाप इतकी वर्षं साच्यावर आहे. कान गेलेत त्याचे. घरात ती त्याच्याशी कशी बोलत असेल?"

मी खाली बघितलं, तर माझ्या साच्यावर धागा तुटून हातभर कापड वाया गेलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. पहाटे फेरी निघायची, लालबागेतून परळच्या नाक्याला वळसा घालून परत यायची. पुढे पुरुष, मागे बायका आणि मुली. एरवी मुलगी खाली नळावर गेली तरी गॅलरीत कुणीतरी उभं राहायचं, पण संयुक्त महाराष्ट्रापासून मुलीला अडवायची कुठल्याच बापाची छाती नव्हती. शिवाय तिचे वडील त्या आठवड्यात रातपाळीला होते. ते सुटेपर्यंत फेरी संपून आम्ही चहा पीत असणार होतो.

मामानं शेवटी हात टेकले, पण एक अट घातली. "इचारतलंस तर इचार. पण लगीन ह्यो शब्द काढू नको. पौष आसा."

"मग काय विचारू?"

मामानं बराच विचार केला. "संसार म्हण," तो म्हणाला. "संसाराक महिनो लागना नाय."

तेव्हा वाक्य ठरलं: माझ्याबरोबर संसार कराल का? दाढीच्या आरशात बघून मी ते इतक्या वेळा घोकलं की 'संसार' म्हणताना माझा खालचा ओठ किती पुढे येतो हे मला आजही सांगता येईल.

आणि त्याच आठवड्यात थंडी पडली. मुंबईत थंडी पडत नाही म्हणणाऱ्यांनी ती बघायला हवी होती. परळच्या इराण्याच्या चहाचं कपातून बशीत येईपर्यंत सरबत होत होतं. नळाखाली बसलेला माणूस पहिल्या तांब्याला देवाचं नाव घ्यायचा आणि दुसऱ्या तांब्याला नळ सोडून पळायचा. चाळीत स्वेटर मोजके, ते आजारी माणसांना. बाकीच्यांनी सापडेल ते गुंडाळलं: मफलर, माकडटोप्या, टॉवेल, धोतराचा जुना तुकडा. एकानं तर सतरंजी पांघरली होती आणि तिच्यावर त्याच्या व्यायामशाळेचं नाव होतं.

रविवारी पहाटे फेरी निघाली. धुकं आणि गिरण्यांचा धूर यांचं असं काही मिश्रण झालं होतं की दिव्याच्या खांबालाही आपण उभे आहोत की नाही याची शंका यावी. मी पुढे, उलटा चालत. समोर नुसत्या टोप्या आणि त्यांत डोळे. कोण कोणता हे ओळखायचं काम नाही. पण मागच्या रांगांत एक तपकिरी शाल होती, ती मी ओळखली. शाल नाकावरून घेतलेली होती. एवढ्या मोठ्या जमावात उघडं तोंड एकट्याचंच होतं, माझं. घोषणा देणाऱ्याला मफलर कसा चालेल?

मी ओरडलो, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

मफलरांच्या आतून गडगडाट झाला, "झालाच पाहिजे!"

नाक्याजवळच्या दिव्यांखाली आलो, तिथं धुकं जरा विरळ होतं. मी आणखी एक घोषणा दिली, उत्तर येऊ दिलं, शालीकडे नजर लावली आणि बिनआवाजी, ठळक, सावकाश, एकेक अक्षर घडवून विचारलं: माझ्याबरोबर संसार कराल का?

पुढच्या घोषणेसाठी श्वास घेतला आणि माझ्या लक्षात आलं की कुणी खोकतसुद्धा नाहीये. फेरी चालत होती, पण पावलांखेरीज आवाज नव्हता. सगळ्या टोप्या माझ्याकडे बघत होत्या. मग एकेक टोपी सावकाश मागे वळली आणि सगळ्यांनी मिळून तपकिरी शालीकडे बघितलं.

माणसं साचेखात्यातली होती. एकूण एक. त्यांचा जन्म दुसऱ्याचे ओठ वाचण्यात गेला होता, आणि आज तर वाचायला माझ्याखेरीज दुसरं तोंडच नव्हतं. हे मला आरशासमोर कसं सुचलं नाही, देव जाणे. माझ्या दोस्तालाही सुचलं नव्हतं. तो पहिल्या रांगेत दोन्ही हातांनी स्वतःची टोपी खाली ओढत होता.

त्याच्या शेजारच्या माणसानं मफलर खाली केला. तिचे वडील. रातपाळी नेमकी त्या दिवशी लवकर सुटली होती आणि ते गिरणीतून थेट फेरीत आले होते, मिशीवर अजून कापसाचे तंतू होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज न काढता ओठ हलवले: पुढची घोषणा दे.

मी काय करणार? दिली. 'संयुक्त' म्हणताना आवाज असा चिरकला की वरच्या मजल्यावर कुणीतरी मांजर हाकललं. तेवढ्यात मला दिसलं की तपकिरी शाल तोंडापाशी हलतेय. ती काहीतरी बोलत होती. हो असेल, नाही असेल, कदाचित 'बाबा, याला आवरा' असेल. लोकर वाचायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी मान पुढे काढून बघायला लागलो, पाय मागेच टाकत राहिलो, आणि नाक्याच्या गटारात उताणा पडलो. महाराष्ट्रासाठी पुष्कळांनी पुष्कळ सोसलं, पण त्या पाण्याइतकं गार काही कुणी सोसलं असेल असं मला वाटत नाही.

पुढचे दिवस मी मोजले नाहीत, मोजायची हिंमतच नव्हती. चाळ अगदी गप्प होती आणि सारखी बोलत होती. मी जिन्यानं चढलो की दोन्ही बाजूंनी ओठ हलायचे: संसार, संसार. गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ मला बघून रोज तेवढा एकच शब्द तोंडात घडवायचे आणि मग बिडी ओढायचे. तिचे वडील साच्यावर माझ्यासमोरच्या रांगेत असायचे, पण ते मफलर काढीत नव्हते. आत साचेखात्यात घामाच्या धारा लागायच्या आणि हा माणूस तोंड गुंडाळून उभा. मामानं त्यांना गाठायचा प्रयत्न केला, तर त्यांनी कानाकडे बोट दाखवलं आणि निघून गेले. ती गॅलरीत दिसायची, पण पाठमोरी. मला विचारता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं, गावी पळून जावं तर तिकडे मास्तर.

माघ लागला. मास्तराची माणसं त्या दिवशीच्या बोटीनं निघणार असं खालच्या बिऱ्हाडातून कळलं. तेव्हा मी सकाळी आमच्या खोलीची बादली उचलली आणि नळावर गेलो. ती रांगेत होती, कमरेला कळशी. थंडी ओसरली होती, शाल नव्हती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि आयुष्यात प्रथमच मनापासून कुजबुजायचा प्रयत्न केला.

"त्या दिवशी शालीआड काय म्हणालात?"

रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या. वरच्या गॅलरीतलं दात घासणं थांबलं. दुसऱ्या मजल्यावर तिचे वडील कठड्याशी उभे होते, तेही वाकले, आणि ते माझ्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं नळाखाली कळशी लावली, तोटी पुरती उघडली आणि धार सरळ पडतेय ना ते बघून घेतलं.

"हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "सरका, पाणी जाईल."