इंजिनासाठी पहिल्या धारेची

ठाकरवाडीची उतरण अर्धी संपली तेव्हा शालूने विचारलं, "आबा, कॅन घेऊ का थोडा वेळ?"

"नगं," हौशीराम म्हणाला. "तू मास्तरीण. तुज्या हातात कुनी बगितला तर नोकरी जायची. माजं काय जातंय?"

त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि हातातल्या पत्र्याच्या कॅनमध्ये वाडीतल्या भागूबाईने गाळलेली मोहाची दारू. पहिल्या धारेची. हौशीराम शालूचा सख्खा चुलता. अकरा वर्षांमागे याच वस्तूपायी त्याने कुर्ल्याच्या रंगाच्या कारखान्यातली नोकरी घालवली, बायकोच्या गळ्यातले मणी विकले आणि वडिवळ्याला परत येऊन मारुतीसमोर माळ घातली. तेव्हापासून तो थेंबालाही शिवला नव्हता. आज रविवार, शाळेला सुट्टी, म्हणून त्याच्या बायकोने, धोंडाकाकीने, शालूला त्याच्यासोबत धाडलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. सांगायला लागतही नव्हतं.

वारा फिरला की तो कॅनचा हात बदलायचा. शालूला वाटलं, ओझ्यामुळे.

ओढ्याजवळ हनुमंत बैल पाजत होता. कॅनवरचं ओलं फडकं बघून त्याने नाक वर केलं.

"काय माळकरी! एकादशीची तयारी व्हय?"

"इंजिनाला पाजायची हाय."

"इंजिनाला! मग डायवरला बी एक पेला द्या की, नाराज व्हईल बिचारा."

हौशीराम हसला नाही. पुढे गेल्यावर म्हणाला, "खोटं कुटं बोललो मी?"

खोटं नव्हतंच. चौऱ्याहत्तर सालचं ते हस्त नक्षत्र कोरडं गेलं होतं. भात पोटरीत आलेलं. एवढ्यात पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाही तर वर्षाचं धान्य म्हणजे नुसता पेंढा. खाली नदीला पाणी होतं, काठावर त्याचं ऑइल इंजिन होतं. डिझेल तेवढं नव्हतं. कामशेतच्या पंपावर दोन आठवडे पाटी लटकत होती. हौशीरामने दिव्यासाठी आणि गुरांच्या गोचिडांसाठी साठवलेलं करंजाचं तेल टाकीत ओतून पाहिलं. इंजिन घटकाभर चाललं, काळा धूर ओकलं आणि नोजल चिकटून बंद पडलं.

तेव्हा त्याला कारखान्यातले केमिस्टसाहेब आठवले. ते एकदा म्हणाले होते, जाडं तेल तापवून त्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा घातला, की खाली साका बसतो आणि वर डिझेलसारखं पातळ तेल राहतं. कॉस्टिक त्याने साबणवाल्याकडून आणला. स्पिरिटला परमिट लागत होतं. परमिट मिळेपर्यंत भात थांबणार नव्हतं, म्हणून स्पिरिटऐवजी ही दारू.

घरी पोचताच त्याने परसात चूल पेटवली. मापाने अर्धीच दारू घेतली, तीत कॉस्टिक विरघळवला आणि ऊनऊन तेलात थोडाथोडा सोडत ढवळत राहिला. काकी उंबऱ्यात बसून होती. तिची नजर पातेल्यावर नव्हती, नवऱ्याच्या हातावर होती. शालूने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

तेल आधी ढगाळलं. मग जड झालं. हौशीराम म्हणाला, "आता फुटंल, आता साका बसंल." बराच वेळ गेला. साका बसला नाही. पातेल्यातलं सगळं पिठल्यासारखं घट्ट होऊन पळी उभी राहिली.

काकीने खापरीवर बोटभर काढून पाण्यात चोळलं. फेस आला.

"साबन झाला वो," ती हळूच म्हणाली.

हौशीराम चुलीशी खाली बसला. "सायेब स्पिरिटच्या बाटलीचं बूच घट्ट लावायचे," तो म्हणाला. "म्हनायचे, हौशीराम, पान्याचा थेंब लागू देऊ नकोस. आन म्या दारू आनली! तिच्यात पानी न्हाई तर काय असतंय? अकरा वर्सं झाली, इसरलो व्हय मी!"

ज्याला त्या वस्तूची पारख गावात सगळ्यांत जास्त, त्यानेच ती चूक करावी. बांधापलीकडे भाताची पानं टोकाला पिवळी पडलेली इथूनही दिसत होती.

"पुन्ना गाळली तर पानी कमी व्हईल," तो म्हणाला. "भागूबाईचं भांडं मागून आनतो उद्या. तेल हाय अजून एक डबा. व्हईल का न्हाई, ठावं न्हाई."

"मग करून बघू, आबा."

तो उठला. उरलेल्या दारूचा कॅन उचलला, तोंड दुसरीकडे वळवून हात लांब केला, आणि तो शालूसमोर ठेवला. वाटेत तो हात का बदलत होता, ते तिला आता कळलं.

"ह्यो उद्यापर्यंत तुज्या घरी ठिव," तो म्हणाला. "पेटीत घाल, कुलूप लाव. तुला जड जाईल, ठावं हाय मला. पन हितं नगं."

शालूने कॅन पदराखाली घेतला.

"आन शाले," तो माळ मुठीत धरून म्हणाला, "उद्या मी काकीला घिऊन आलो तर दे. येकटा आलो, तर काय वाट्टंल ते बोललो, रडलो तरी दार उगडू नगंस."