वहिनींनी न चाखलेली न्याहारी

मी गाव सोडलं तेव्हा आप्पा फाट्यापर्यंत पोचवायला आले होते. एस.टी. दिसताच त्यांनी माझ्या सदऱ्यातली तुळशीची माळ बाहेर ओढून पाहिली आणि पुन्हा आत सारली. "शहरात काय बी मिळतं. समदंच खायचं नसतं," एवढंच म्हणाले. आमचं घर माळकरी. अंड्याचं नावही घरात निघत नसे.

छप्पन्न-सत्तावन्न साल असेल. थोरला भाऊ खडकीला कामाला होता आणि वहिनींसह पिंपरी गावात एका खोलीत राहत होता. चहूकडे बाजरीची शेतं आणि मधेच औषधांचा नवा कारखाना. एका भिंतीला इतक्या काचा मी कधी पाहिल्या नव्हत्या. तिथं नोकरीसाठी गेलो, तर डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि मान हलवली. "अंडी खा. महिन्यानं ये. तेव्हाही वजन भरलं नाही, तर गावाला जा."

ऐकून वहिनी आधी हसल्या. "भावजी, बाजारात कोंबडं तोलत्यात तसं तोललं व्हय तुमाला?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच अंडी आणली.

खोलीबाहेर तीन दगड मांडून त्यांनी वांगी, टोमॅटो, कांदे, मिरच्या निखाऱ्यात भाजल्या. काळी सालं काढून, लसूण-मीठ घालून सगळं कुस्करलं, तव्यावर पसरलं, पळीच्या पाठीनं दोन खळगे केले. अंडी त्यांनी पदरात धरली होती, आत काही जिवंत असावं तसं. खळग्यांत फोडून वर ताटली झाकली, ताटलीवर निखारे ठेवले. ताटली उचलली तेव्हा आम्ही दोघंही बघतच राहिलो. काळपट भरतात दोन पिवळेजर्द गोळे थरथरत होते.

वहिनींच्या गळ्यातही माळ होती. बोटाला लागलेलंसुद्धा त्यांनी कधी चाखलं नाही. रोज विचारायच्या, "मीठ बरं हाय का?" रोज ते नेमकं असायचं. हे त्यांना कसं जमत होतं, मला आजही उमगलेलं नाही.

फेरतपासणीला चार दिवस उरले असताना आप्पा बाजरीचं पोतं घेऊन भल्या सकाळी दारात उभे राहिले. भाऊ कामावर गेला होता. मी नुकताच खाऊन हात धुतला होता. राखेत टरफलं पडलेली.

"कोण खातं ह्ये?"

खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी परत नेलं असतं. मी म्हणालो, "वहिनी."

वहिनी तवा घासत होत्या. हात थांबला, पुन्हा चालू झाला. आप्पांनी माळ मागितली, त्यांनी ती काढून दिली. माझी माझ्या गळ्यातच राहिली.

दुसऱ्या सकाळी मोकळ्या गळ्यानं त्यांनी पुन्हा वांगी भाजली. "तीन दिस राहिल्यात. खावा," म्हणाल्या. मी खाल्लं. वजन भरलं, नोकरी लागली.

त्यानंतर गावच्या घरात वहिनींना चुलीपाशी कुणी जाऊ दिलं नाही. त्या ओसरीवर ताट घेऊन बसायच्या, मी आत पहिल्या पंगतीला. आप्पा काही न कळताच गेले. वहिनींनी भावाला खरं सांगितलं असेल, तर तो मला कधी बोलला नाही.

आता मी पिंपळे सौदागरला नवव्या मजल्यावर राहतो. रविवारी नातसून ओव्हनमध्ये भाज्या भाजून त्यावर अंडी फोडते आणि सगळ्यांच्या आधी चमचाभर स्वतः चाखून बघते.

वहिनी गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी एकदाच मी विचारलं, त्या दिवशी गप्प का राहिलात? म्हणाल्या, "तुमी अजून पुरतं भरला नव्हता न्हवं."

गावाकडच्या भावकीनं निरोप धाडलाय, घराची डागडुजी झाली, आता राहायला या. माझं त्यांना हे उत्तर. अंडी मी खाल्ली. वहिनी बाटल्या असं तुम्ही साठ-पासष्ट वर्षं म्हणत आलात, ते खोटं मी सांगितलेलं आहे. ज्या घरात त्यांना चुलीपाशी जाता आलं नाही, त्या घराला घर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. आधी हे सगळ्यांना बसवून, माझं नाव घेऊन मोठ्यानं वाचा. मग मला बोलवायचं की नाही, ते ठरवा.