मला न आलेला ठसका

लेकीची दृष्ट मी स्वतः काढली आणि तिथंच फसलो. मीठ, मोहरी आणि कामावरून मुद्दाम निवडून आणलेल्या सात लाल मिरच्या तिच्यावरून उतरवून निखाऱ्यांवर टाकल्या. धूर झाला, ठसका मात्र नाही. आमच्याकडे खूण सरळ आहे: मिरच्या जळून ठसका आला तर भ्यायचं कारण नाही, नाही आला तर नजर कडक. मी नाक आणखी पुढे करून हुंगलं. काहीच नाही.

"जबर नजर लागेल शे," मी जाहीर केलं.

समोर लेकीला मांडीवर घेऊन बसलेली बायको तोंडावर पदर दाबून डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत होती. मला वाटलं, काळजीनं रडतेय. "रडू नको, मी शे ना," म्हणालो. रस्त्यावरून एक सायकलवाला खोकत खोकत गेला. लोक विड्या फार ओढतात, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

तेव्हा मी नंदुरबारात मिरचीच्या पथारीवर कामाला होतो. मोकळ्या जागेत ओली मिरची पसरून वाळवतात, ती पथारी. मिरची मोडायची, हुंगायची आणि माल किती वाळला ते सांगायचं, हे माझं काम. "तुन्हं नाक म्हणजे सोनं शे," मुकादम म्हणायचा, आणि या एका वाक्यावर माझ्याकडून दोन माणसांचं काम काढायचा. उजाडताच जायचं, तिन्हीसांजेला घरी पळत येऊन चार घास गिळायचे, की परत कंदिलापाशी. जास्तीच्या कामाचे पैसे मिळत, नाही असं नाही. पण खरं सांगू? मला ते नाकाचं कौतुकच जास्त गोड लागायचं. बाकीची माणसं दिवस संपला की हाताला तेल चोळत, मग राख, मग पाणी. सावकाश काम ते. माझा दिवस संपतच नव्हता, म्हणून मी हातांवर नुसतं पाणी मारून निघायचो.

लेक सहा महिन्यांची. दिवसभर हसायची, आणि तिन्हीसांजेला मी उचलून गाल कुरवाळले की किंचाळायची. डोळे लालभडक व्हायचे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर डोळ्यात फूल पडेल. तुम्ही घरी डोळ्यात घालता तरी काय?"

मी बायकोकडे पाहिलं. घरी आल्याबरोबर तिची काजळाची डबी उकिरड्यावर भिरकावली. रडणं तसंच. मग माझ्या डोळ्यांपुढे शेजारची मावशी आली. म्हातारी, एकटी, रोज तिन्हीसांजेलाच विस्तव मागायला यायची. रडणंही नेमकं तेव्हाच. मला एवढा पुरावा पुष्कळ होता.

"तव्हय तुम्हीबी तं घर येतस," बायको म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मावशीला मी दारातच सांगितलं, संध्याकाळी इकडे येत जाऊ नका. ती रिकामं खापर घेऊन परत गेली. तरी लेक रडतच राहिली. म्हणजे भिंतीआडून करते, असं मी ठरवलं आणि ती दृष्ट काढली.

पुढे अमावास्या आली. अमावास्येला पथारी बंद असायची. सकाळी बायकोनं माझे हात तेल आणि राख लावून घासले, न्हायला घातलं. मी दुपारभर मेल्यासारखा झोपलो. तिन्हीसांजेला लेकीला उचललं आणि श्वास रोखून उभा राहिलो. कुंपणापलीकडून मावशी एकटक बघत होती. लेक खुदकन हसली आणि तिनं माझं नाक धरलं. माझा संशय दुप्पट झाला. अमावास्येला सोडते, म्हणजे काहीतरी मोठं शिजतंय!

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो, लेकीकडे हात केले, तोच बायकोनं माझं मनगट धरलं आणि माझंच बोट माझ्याच डोळ्याला लावलं.

मी असा ओरडलो की मावशी मनाई विसरून धावत आली. "काय व्हयनं रे भाऊ?"

"काही नही मावशी," बायको म्हणाली, "नजर लावनारा सापडना."

मावशीनं शेळीचं दूध आणून माझ्या डोळ्यात ओतलं. "एवढा बाप्या व्हईसनी रडस? ती तं एवढीशी पोर शे."

"आनि त्या दिवशी गल्ली खोकत होती," बायको म्हणाली. "तुमनं नाक मरी गयं."

म्हणजे कित्येक दिवस मी मिरच्या नाकाशी धरून नुसताच मान हलवत होतो. मला पत्ता नव्हता, मुकादमालाही नव्हता. त्याला माझ्या नाकाची किती गरज होती, ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, दिवस बुडाला की मी थांबणार नाही. दुसरा कुणी पथारीवाला मला ओढतोय असं वाटून त्याचे डोळे बारीक झाले. "कोन फोडस तुले?"

"सहा महिन्यांची शे," मी म्हणालो.

घरी आल्याबरोबर तेल-राखेनं हात घासू लागलो, आणि पंधरवड्यात लेकीचे डोळे निवळले. आज ती माझं हे लिहिलेलं खांद्यावरून वाचते आणि चुका काढते. माझं नाक मात्र निम्मंच परत आलं.

मावशीची माफी मागायला मला चार दिवस लागले. एका संध्याकाळी कामावरून आलो तसाच एकदाचा निघालो. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, तोच मागून बायको म्हणाली, "पाया पडा, पन हात लाऊ नका."