तिकडच्या समुद्रासाठी जाळी

त्सुनामीने पूर्व किनाऱ्यावरची गावंच्या गावं नेली, तेव्हा आमचं बंदरही सुन्न झालं. जो तो कपडे, तांदूळ देत होता. मासे विकणारी पार्वतीकाकी म्हणाली, "उरलेल्यांना समुद्रावर परत जायला जाळी लागतील. ती कोण देणार?" सारा कोळीवाडा धक्क्यावर विणायला बसला. हळहळलो मीही होतो, पण पुढची गरज या कोळ्यांनाच दिसली.

जाळ्यांचा ट्रक गेला. सोबतच्या चिठ्ठीवर काकीचा नंबर होता. दोन महिन्यांनी तिकडच्या एका कोळ्याचा फोन आला. त्याची भाषा कुणाला कळेना, पण एकच शब्द तो पुन्हा पुन्हा ओरडत होता, "मीन! मीन!"

काकीने फोन उंच धरला. "अरे, मासे गावले त्यांना!" आणि अख्खा धक्का टाळ्याशिट्ट्यांनी दणाणला.