लेकीनं सूर विचारला, मी बटणं मोजली

मैत्रिणींनो, आज मन खट्टू आहे.

लेक बास गिटार वाजवते. गिटारचा आवाज ऑर्गनसारखा करणारी, पायानं दाबायची डबी, म्हणजे सिंथ पेडल, घ्यायला नगरच्या दुकानात मला घेऊन गेली. पहिलंच पेडल. दोन डब्या सारख्याच किमतीच्या. तिनं दोन्ही गिटारला जोडून वाजवून दाखवल्या.

"आई, तू भजनात गातेस ना? डोळे मिटून सांग, खालचा सूर कुठली नीट धरते?"

"अगं, हिला दोनच बटणं. तिला आठ आहेत की!"

माझं ऐकून तिनं आठवाली घेतली.

घरी जाड तार छेडली की खालचा सूर नुसता थरथरतो. "असू दे गं आई," म्हणत तिनं डबी खोक्यात ठेवली. दुकानदार परत घेत नाही.

तिच्या संगीतातलं तिनं मला पहिल्यांदाच विचारलं होतं. पुन्हा विचारेल का हो?