शेवटच्या सुताराची खिडकी

वस्तीत सुतार चार होते. पलंग, कपाट, दार, पाळणा यांसाठी लोक तिघांकडे जायचे आणि या चौथ्याकडे सगळ्यात शेवटी यायचे, कारण तो फक्त शवपेट्या करायचा. म्हणून त्याचं नाव 'शेवटचा सुतार' पडलं. त्याला त्या नावाचा राग नव्हता. उलट मान ताठ करून तो म्हणायचा, "ते तिघं माणसाला इथं रमवतात. मी वाटेला लावतो."

इथं रमणाऱ्यांची त्याला मनापासून कीव यायची, आणि ती कीव तो कधी मनात ठेवत नसे. कुणी नवी गाडी घेतली की हा रंधा थांबवून विचारायचा, "पेटीत मावेल का?" शेजारच्या शिंप्यानं घराला गुलाबी रंग दिला, तेव्हा म्हणाला, "छान. आता घर गुलाबी आणि माणूस तोच." लग्नाचं निमंत्रण घेऊन आलेल्याकडे तो नकळत खांद्यापासून खांद्यापर्यंत माप घेतल्यासारखा अशा नजरेनं बघायचा, की बिचारा पत्रिका ठेवून उलट पावली निघून जायचा.

श्रद्धा मात्र खरी होती. एक दिवस प्रभू उगवतीकडून परत येणार, मेलेली माणसं उठणार, आणि हे जग म्हणजे त्या दिवसाआधीचा मुक्काम, याबद्दल त्याला आपल्या फूटपट्टीइतकी खात्री होती. कबरस्तानात पेटी उतरवताना तो स्वतः उभा राहून पाय पूर्वेला आहेत ना, ते बघायचा. "उठल्याबरोबर समोर उजेड दिसला पाहिजे," असं खड्डा खणणाऱ्यांना दरडावायचा.

त्याच्या जिभेचा तडाखा एकदा कापडवाल्यानं खाल्ला. बाप वारला म्हणून तो पेटी सांगायला आला होता.

"आतून मखमल लावा. आणि झाकणाला काच."

"काच कशाला? त्यांना बाहेर बघायचंय की तुम्हाला आत?"

"लोक येणार हो मोठमोठे. दिसायला नको?"

"आणि मखमल?"

"मऊ असावी. वडील आहेत माझे."

"म्हातारा तीन वर्षं मागच्या खोलीत फाटक्या चादरीवर पडून होता," शेवटचा सुतार म्हणाला, "तेव्हा तुमच्या दुकानातली मखमल संपली होती वाटतं?"

कापडवाला लाल झाला. पण पेटी इथंच करून घेतली. कारण हात चांगला होता. आणि गिऱ्हाईक निघताना सुतारानं त्याला हटकून आपली स्वतःची पेटी दाखवली.

ही पेटी वखारीच्या कोपऱ्यात, स्वच्छ फडक्याखाली असायची. अकरा वर्षांपूर्वी त्यानं ती स्वतःसाठी करायला घेतली होती. अस्सल जुनं सागवान. एकही खिळा नाही; फळ्यांचे दात एकमेकांत असे बसवलेले, की सांध्यात कागद सरकू नये. ना पॉलिश, ना पितळी कड्या. "माझी ही एवढीच," तो म्हणायचा. "साधी. आपल्याला काही हवंय कशाला?" चर्चच्या पाळकांनी एकदा उपदेशात या पेटीचं उदाहरण दिलं होतं. त्यानंतर पाच-सहा रविवार तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला.

त्याच्या बायकोला मात्र एक गोष्ट हवी होती. खिडकी.

घर तसं लांबट. पुढे वखार, मधे एक खोली, मागे स्वयंपाकघर. मागच्या दोन्ही खोल्यांना खिडकी नव्हती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "अहो, इथं एक खिडकी पाडा ना. तुम्ही तर सुतार." तो हसला होता. "वर आपल्यासाठी घर तयार होतंय, त्याला खिडक्याच खिडक्या आहेत. चार दिवसांच्या मुक्कामाला भिंती कशाला फोडायच्या?" ते चार दिवस सत्तावीस वर्षं चालले. ती दर वर्षी-दोन वर्षांनी विचारायची आणि तो दर वेळी तिला वरच्या घरात पाठवायचा.

शेवटी एका दुपारी, भर दुपारी, त्या अंधाऱ्या मधल्या खोलीत टेकवून ठेवलेल्या त्याच्याच फळीला अडखळून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर येऊन गेले. सुताराला बाहेर नेऊन म्हणाले, "हे हाड जुळायचं नाही. आणि हृदय फार अशक्त आहे. तिच्या मनासारखं करा काय ते. फार दिवस नाहीत."

सेवेला तिची धाकटी बहीण आली. ही एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती; दीडशे मुलींना धाकात ठेवणारी. मेहुण्याला धाकात ठेवायला तिला अर्धा दिवस पुरला.

"भावोजी, ही खोली आहे की तुमच्या मालाचा नमुना?"

"का?"

"चारी बाजूंनी बंद. वर झाकण तेवढं घालायचं राहिलंय."

"तिला पुढे वखारीत ठेवलं असतं," तो म्हणाला, "पण भुशानं खोकला होतो तिला."

"मग भिंत फोडा!"

"अगं, अशा वेळी माणसानं वरचा विचार करावा. आता खिडकीची हौस कशाला?"

खाटेवरून बायकोचा आवाज आला. आवाज बारीक होता, पण धार होती. "तुम्ही मेलेल्यांची तोंडं उगवतीला करता ना?"

"करतो."

"मग मी जिवंत आहे तोवर भिंतीकडे तोंड करून का पडू? मीही त्याचीच वाट बघतेय. वाट बघायला जागा तरी द्या."

सुतारानं वळून तिच्याकडे नीट पाहिलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला वाटत आलं होतं, की वरच्या घराची ओढ या घरात त्याला एकट्यालाच आहे. बायकोचं आपलं खिडकी, मांडणी, भांडी. आणि ती तर इतकी वर्षं त्याच एका गोष्टीसाठी खिडकी मागत होती.

"शोभेसाठी खिडकी मागणारी बाई नाही माझी ताई," मेहुणी पुटपुटली. "तुमच्या त्या पेटीला दर शनिवारी जवसाचं तेल लावता म्हणे? ताईच्या पायांना लावलंत कधी?"

तो उठून वखारीत गेला.

लाकूड शोधू लागला. रचून ठेवलेल्या फळ्या सगळ्या हलक्या लाकडाच्या होत्या. मातीत जाऊन मातीच व्हायचं, मग भारी लाकूड कशाला, हे त्याचं धोरण. पण खिडकीला असलं लाकूड घातलं तर एका पावसाळ्यात फुगून वाकडं होणार, हे त्याला कळत होतं. आणि तेव्हाच मनात आलं, की होईना वाकडं. पावसाळ्यापर्यंत ती तरी कुठं आहे?

विचार आला आणि तो तिथंच फळ्या कापायच्या लाकडी घोड्यावर बसला. कापडवाल्याला मखमलीवरून टोमणा मारणारा माणूस आपणच का, असं त्याला वाटलं. कापडवाल्यानं निदान बापासाठी काच तरी मागितली होती. खोट्या मायेनं का होईना.

टिकणारं लाकूड वखारीत एकाच ठिकाणी होतं. फडक्याखाली.

त्यानं फडकं काढलं. अकरा वर्षं तो या पेटीपुढे उभा राहून मरणाचा विचार करत आला होता, असं त्याला वाटायचं. आज नीट आठवून पाहिलं, तर तो विचार भलताच निघाला. डोळ्यांपुढे यायची ती अंत्ययात्रा: दोन्ही बाजूंनी लोक, आणि एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणतोय, "सांधा बघ, सांधा! आणि किती साधी!" वर उठण्याच्या दिवसापर्यंत तो विचार कधी पोचलाच नव्हता, चर्चच्या दारातच रेंगाळायचा. एवढ्यासाठी गुलाबी घरवाल्या शिंप्याला हसलो! त्याचा रंग निदान जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतो तरी. आपण आपली हौस पुरून टाकणार होतो, आणि वर तिला विरक्ती म्हणत होतो.

त्यानं मोगरी उचलली. सांधे सुटेनात. असे बसवलेच होते, की सुटू नयेत. एकेक दात पटाशीनं उकलताना तो पुटपुटत होता, "घे, आणखी कर कौतुक. घे."

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं पूर्वेची भिंत फोडली. तिसऱ्या दिवशी चौकट बसली, दोन झडपा बसल्या. बिजागऱ्या, कडी, सगळं सुतारानं एका दमात बसवलं आणि बाहेरच्या बोळात उभं राहून झडपा लावून पाहिल्या. केस जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. खूश होऊन वळसा घालून तो आत आला.

"आता उघड," मेहुणीला म्हणाला.

तिनं ढकलून पाहिलं. चाचपून पाहिलं. मग सावकाश वळली. "भावोजी, कडी कुठाय?"

सुताराचा हात कपाळावर गेला. कडी बाहेर होती. आयुष्यभर त्यानं जे बंद केलं ते बाहेरून.

मेहुणी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, खिडकी आहे ही! आत माणूस जिवंत आहे!"

"आजवर कुणी आतून उघडायचं मागितलंच नाही," तो कसाबसा म्हणाला. "थांब, काढतो आणि उलटी लावतो."

खाटेवर बायकोही हसत होती. हसताना खुबा दुखत होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हसत होती. "राहू द्या," ती म्हणाली.

"राहू द्या काय? लोक काय म्हणतील? शेवटच्या सुतारानं खिडकी केली आणि—"

"म्हणू देत. पाळकांना नवं उदाहरण मिळेल." ती जरा दमली, थांबली. "त्या दिवशी उघडणारा बाहेरूनच येणार आहे ना? तुम्हीच सांगता. मग मला हीच बरी. सवय होईल."

"अगं, पण रोज?"

"रोज उजाडायच्या आत उठायचं, वळसा घालून बोळात जायचं आणि उघडायची. सत्तावीस वर्षं मी तुमच्या फळ्यांना वळसे घातले, तुम्ही चार दिवस घाला. मुक्कामच आहे."

पुढच्या रविवारी पाळक घरी आले. प्रार्थना झाल्यावर त्यांनी वखारीत डोकावून विचारलं, "ती पेटी कुठं गेली हो? तिचा मला पुन्हा उल्लेख करायचा होता."

"करू नका," सुतार म्हणाला. "ती पेटी शुद्ध थापाडी होती." आणि हलक्या लाकडाची एक फळी रंध्याखाली घेतली.

खिडकीतून दिसायचं काय? बोळ. पलीकडे शिंप्याची गुलाबी भिंत, दोरीवर त्याचे तीन पायजमे आणि त्यांच्या वर हातभर आभाळ. पहिल्या दिवशी झडपा उघडून सुतारानं मागे वळून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे बघायला सत्तावीस वर्षं? पायजमे?"

"तुमची नजर तिथंच अडकायची," ती म्हणाली. "त्याच्या वर बघा."

तो रोज जाऊ लागला. बोळात चिखल असायचा, शिंप्याच्या कोंबड्या पायात यायच्या. तो त्यांना शिव्या देत, भिंत चाचपत जायचा. आत ती जागीच असायची. कडीचा आवाज झाला की तिचा श्वास थांबल्यासारखा वाटायचा, हे त्याला झडपेबाहेरूनही कळायचं. हलकं लाकूड आणि चार खिळे यांची एक पेटी त्यानं तिच्यासाठी वखारीत मुकाट्यानं करून ठेवली होती. पाय कुठल्या बाजूला ठेवायचे ते कुणाला सांगायला लागणार नव्हतं. पण अजून त्या पेटीची गरज पडली नव्हती.

एका सकाळी त्यानं कडी काढली, झडपा ओढल्या. दोरीवरच्या पायजम्यांच्या वर आभाळ नुकतं पांढरं होत होतं. खाटेवर ती उशीवरून मान उचलून, डोळे मोठे करून खिडकीकडे बघत होती. तो दिसला तशी मान पुन्हा उशीवर टेकली.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "मला वाटलं, आला."

तो चौकटीला धरून उभा राहिला. मग मुद्दाम रुक्षपणे विचारलं, "निराशा झाली का?"

"थोडी झाली," ती म्हणाली. "असू द्या. पण आता बाजूला व्हा. उजेड अडवताय."